28 युरोंचा भात

  आजची गोष्ट एका जेवणापासून सुरू होते, आणि ती तुमच्या-माझ्या पायाखालच्या चिखलाशी येऊन थांबते. हातातलं काम चालू ठेवा, कान इकडे असू द्या.

माझी लेक आणि जावई नोकरीनिमित्त युरोपात राहतात. त्यांच्याकडे गेले होते तेव्हा सगळ्यांनी मिळून इटली बघायचं ठरलं. मी, विहीणबाई, लेक, जावई आणि नातू. उत्तर इटलीत तोरिनो नावाचं मोठं शहर आहे, तिथं आम्ही दोन दिवस होतो. शेवटच्या दिवशी जावयांनी दुपारच्या जेवणासाठी एका भारी हॉटेलात टेबल राखून ठेवलं. पांढरीशुभ्र चादर अंथरलेली, एकेका माणसापुढे तीन-तीन ग्लास, आणि वाढणारा माणूस आमच्या गावच्या नवरदेवापेक्षा झोकात. मी आणि विहीणबाई पदर सावरून बसलो.

मी म्हटलं, मला आपला भात सांगा. भात आला. मोठ्या पसरट ताटलीत मधोमध चार-पाच घास, केशराने पिवळा झालेला, ओलसर, सरसरीत. त्याला ते रिसोत्तो म्हणतात. विहीणबाईंनी एक घास खाल्ला आणि माझ्या कानाशी लागल्या, ‘‘अहो, कच्चा राहिलाय. मधे कणी लागतेय.’’ लेक हसून म्हणाली, ‘‘आई, इथं तो असाच करतात.’’ तांदूळ धुवायचे नाहीत. लोण्यावर कांद्याबरोबर परतायचे, मग उकळतं रस्स्याचं पाणी पळीपळीने घालत ढवळत राहायचं, शेवटी लोणी आणि चीज. दाण्याच्या पोटात जराशी कणी राहिलीच पाहिजे, तरच तो जमला. आपल्याकडे नव्या सुनेनं असा भात रांधला असता तर काय झालं असतं, ते तुम्हीच मनात आणा.

त्या ताटलीची किंमत होती 28 युरो. म्हणजे तेव्हाचे अडीच हजार रुपये. आमच्या मावळात एका बाईची भातलावणीची पाच-सहा दिवसांची मजुरी.

पण मला आज किमतीबद्दल बोलायचं नाही. माझ्या समोरच्या भिंतीवर एक जुना काळा-पांढरा फोटो होता. पाण्यानं भरलेलं खाचर, आणि त्यात एका रांगेत वीस-पंचवीस बाया वाकलेल्या. साड्या वर खोचाव्या तसे झगे वर खोचलेले, डोक्याला रुमाल, वर रुंद टोप्या. एकीचंही तोंड दिसत नव्हतं, नुसत्या पाठी. क्षणभर मला वाटलं, हा फोटो आमच्याच पवन मावळातला. वाढणाऱ्या माणसाला जावयांनी विचारलं. तो म्हणाला, ‘‘मोंदीने.’’ आणि तुम्ही खाताय तो तांदूळ तिकडचाच आहे, व्हेर्चेल्लीचा, असंही त्यानं सांगितलं. त्यानंतर भात माझ्या घशाखाली नीट उतरेना. घरी आल्यावर मी या बायांचा शोध घेतला. तीच हकिगत आज सांगते.

इटली म्हटलं की आपल्याला पिझ्झा आणि पास्ता आठवतो. पण त्या देशाच्या उत्तरेला पो नावाची मोठी नदी आहे आणि तिच्या खोऱ्यात भात पिकतो. युरोपात सगळ्यात जास्त भात इटलीतच होतो. भात तिकडचं मूळ पीक नव्हे. तो आशियातून, आपल्या बाजूनं, फिरत फिरत तिथं पोचला. 1475 सालच्या एका पत्रात मिलानच्या ड्यूकनं शेजारच्या राज्याला बियाण्यासाठी भाताची बारा पोती देऊ केल्याची नोंद आहे. म्हणजे आपल्या शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दीडशे वर्षं आधी तिथं भातशेती रुजू लागली होती.

पुढं त्या भाताची एवढी ख्याती झाली की बी बाहेर नेऊ देत नसत. 1787 साली थॉमस जेफरसन तिथं गेले होते. हेच पुढं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. साळ देशाबाहेर नेली तर देहदंड, असा तिथला कायदा असल्याचं त्यांनीच लिहून ठेवलंय. तरी या गृहस्थांनी कोटाच्या खिशात मावेल तेवढी साळ भरून नेली! बियाण्याची चोरी मोठ्या माणसांनीही केलेली आहे, मैत्रिणींनो. त्यांना ती हवी होती अमेरिकेतल्या कॅरोलिना भागासाठी, आणि तिथं भाताच्या खाचरात राबत होते आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम.

आता पुन्हा तोरिनोला येऊ. त्या शहरात देल काम्बियो नावाचं एक हॉटेल आहे, 1757 पासूनचं. आम्ही जेवलो ते हे नव्हे, हे आम्ही बाहेरूनच पाहिलं. त्याच्या समोरच्या वाड्यात तेव्हाची संसद भरायची. आमच्या वेळच्या शाळेच्या पुस्तकात इटलीच्या एकीकरणाचा धडा असायचा. मॅझिनी, गॅरिबाल्डी आणि कॅव्हूर ही तीन नावं पाठ करून घेतलेली. त्यातले कॅव्हूर या हॉटेलात नेहमी जेवायला यायचे. खिडकीशी त्यांचं टेबल ठरलेलं होतं, समोर संसद दिसेल असं.

हे कॅव्हूर नुसते मुत्सद्दी नव्हते, भाताचे मोठे शेतकरीही होते. व्हेर्चेल्लीच्या बाजूला लेरी गावी त्यांच्या घराण्याची जमीन होती. 1835 पासून तिची व्यवस्था त्यांनीच पाहिली. पाणी असेल तर भात, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांच्याच कारकिर्दीत, 1853 साली, तिथल्या शेतकऱ्यांची एक मोठी पाणी संस्था झाली आणि सरकारी कालव्यांचं पाणी वाटायचं काम तिच्याकडे आलं. आपल्याकडे आत्ता कुठं पाणी वापर संस्था ऐकू येतात. कॅव्हूर 1861 च्या जूनमध्ये वारले, एकसंध इटलीचे पहिले पंतप्रधान होऊन काही महिनेच झाले होते. त्यानंतर 1863 ते 1866 या काळात पो नदीचं पाणी भातखाचरांना नेणारा सुमारे 85 किलोमीटरचा कालवा खणला गेला. हजारो मजुरांनी, बहुतेक कुदळ-फावड्यानं. त्याला नाव दिलं कॅव्हूर यांचं. तो आजही वाहतो.

हॉटेलात टेबलाला नाव राहिलं, कालव्याला नाव राहिलं. पण पाणी आलं म्हणून भात आपोआप पिकतो का? पाण्याबरोबर तण येतं. आणि तण आलं की बाई लागते.

भाताची बेणणी करणाऱ्या या बायांना तिकडे मोंदीना म्हणतात, अनेकजणी असल्या की मोंदीने. त्यांचा हंगाम साधारण मे अखेर ते जुलैची सुरुवात, म्हणजे चाळीसेक दिवसांचा. पुढं पुढं लावणीही त्यांच्याकडेच आली. व्हेर्चेल्ली आणि नोवारा जिल्ह्यांतल्या बाया पुरायच्या नाहीत, म्हणून दूरदूरच्या गरीब गावांतून बाया आणायच्या. आणायचं काम मुकादमाचं. आगगाडीच्या डब्यात खचाखच भरून त्या यायच्या. घरी लहान लेकरं आजीपाशी ठेवून. मालकाच्या वाड्यात, गोठ्याशेजारच्या मोठ्या खोलीत, पेंढा भरलेल्या गाद्यांवर झोपायच्या. भरात असताना एका हंगामाला अशा लाखाहून अधिक बाया या खाचरांत उतरत.

अनवाणी, गुडघ्याएवढ्या पाण्यात, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत वाकलेल्या. वर ऊन, खाली जळवा, आणि भोवती डास. हाताला आणि पोटऱ्यांना डास चावू नयेत म्हणून जुने मोजे चढवायच्या. त्या भागात हिवतापानं माणसं मरायची. डास चावल्यानं हिवताप होतो, ही गोष्ट तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती. ती उलगडायला आपल्याकडचं सिकंदराबाद कारणी लागलं. 1897 साली तिथं रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. पुढच्याच वर्षी इटलीत ग्रास्सी या शास्त्रज्ञानं माणसाला हिवताप देणारा डास कोणता ते दाखवून दिलं. मग इटलीच्या सरकारनं क्विनाईनच्या गोळ्या मीठ-तंबाखूच्या दुकानांतून स्वस्तात विकायला सुरुवात केली.

आता विचारा, भात पिकवणारी बाई घरी खायची काय? भात विकायला जायचा. हंगामात मालकाकडे तिला भात आणि घेवड्याचं पातळ कालवण मिळायचं, तेवढंच. घरी गेल्यावर मक्याच्या कण्यांचा घाटा. त्याला पोलेंता म्हणतात. सकाळी घाटा, रात्री घाटा, बाराही महिने. मका मूळचा अमेरिकेतला. तो उत्तर इटलीत आला, भरपूर पिकू लागला आणि गरिबाचं एकमेव अन्न झाला. मग गावंच्या गावं एका आजारानं धरली. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून खरखरीत व्हायची, जुलाब लागायचे, शेवटी डोकं फिरायचं. पुष्कळांचा शेवट वेड्यांच्या इस्पितळात झाला. 1771 साली मिलानच्या फ्रापोल्ली नावाच्या डॉक्टरांनी या आजाराला पेलाग्रा म्हटलं, म्हणजे खरखरीत कातडी. 1881 च्या मोजणीत इटलीत त्याचे एक लाखाहून जास्त रोगी निघाले.

कारण कळायला पार 1937 साल उजाडलं. नियासिन नावाचं एक जीवनसत्त्व मक्यात असतं, पण आपल्या अंगी लागत नाही. मग जिथून मका आला, त्या मेक्सिकोतल्या लोकांना हा आजार का नव्हता? कारण तिथल्या बाया मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, मग वाटतात. चुन्यामुळे ते जीवनसत्त्व मोकळं होतं. जहाजातून बी आलं, पण बायांची ती रीत आणायचं कुणाला सुचलं नाही. चुलीपाशी काय चालतं, ते विचारायचं कुणाला सुचतं?

हा आजार आपल्यापासून फार लांबचा नाही. 1960 च्या सुमारास हैदराबादच्या पोषण शास्त्रज्ञांना दख्खनमधल्या नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांतही तोच आजार दिसला. ज्वारी वाईट नाही बरं का. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध, भाजी असेल तर काही होत नाही. वाईट आहे ती कोरडी भाकरी आणि मिरची, तीही रोज.

आणि गंमत बघा. त्या भारी हॉटेलच्या यादीत पोलेंता होताच. छान सजवलेला, वर कसलंसं मटण. मोंदीने खायच्या तसा भात आणि घेवड्याचा एक पदार्थ पानिस्सा या नावानं व्हेर्चेल्लीची खासियत म्हणून मिळतो. आपल्याकडे नाचणीची आंबील काचेच्या ग्लासातून येते आणि ठेच्याला वेगळा दर लागतो, तसंच हे.

पण मोंदीने नुसत्या सोसत राहिल्या असत्या, तर मी आज तुमचा वेळ घेतला नसता.

1869 सालचा एक जुना सरकारी नियम होता. हिवतापाच्या भीतीनं केलेला. भातात बेणणीला उतरायचं ते दिवस उगवल्यावर तासाभराने, आणि बाहेर यायचं ते मावळायच्या तासभर आधी. नियम कागदावर होता, पाळत कुणीच नव्हतं. व्हेर्चेल्लीत मोदेस्तो कुन्योलियो नावाचे एक वकील होते. त्यांनी 1900 साली भातखाचर याच नावाचं एक वर्तमानपत्र काढलं आणि तो नियम शोधून काढून मालकांना कोर्टात खेचलं. बायांना कळलं की आपल्या बाजूनं कायदा आहे. मालक म्हणू लागले, हा नियम जुना झाला, रद्द करा. तेव्हा बायांनी सरळ मागणी ठेवली, दिवसाला आठ तास. त्याच्या वर एक मिनिट नाही.

1906 च्या मे महिन्याच्या शेवटी, ऐन बेणणीत, बाया खाचरातून बाहेर आल्या आणि व्हेर्चेल्ली शहरात जमल्या. शेतावरच्या, चिखलाच्या पायांच्या, बहुतेक निरक्षर बाया शहराच्या चौकात. तण माजलं तर पीक जाणार, हे मालकांना माहीत होतं आणि बायांनाही. 1 जून 1906 रोजी आठ तासांचं मान्य झालं. मग ते गावोगावी अमलात आणायला आणखी काही हंगाम झगडावं लागलं, पण मिळालं. इटलीतल्या कारखान्यांत आठ तासांचा करार झाला तो 1919 साली, आणि देशभराचा कायदा 1923 साली. म्हणजे कारखान्यातल्या गड्यांच्या आधी खाचरातल्या बायांनी आठ तास पदरात पाडून घेतले.

काम करताना त्या गायच्या. आपण लावणीला गातो, तशाच. मुकादम बोलू देत नसे, पण गाण्याला हरकत नव्हती, कारण गाण्यानं हात चालतो. मग मनातलं सगळं गाण्यात यायचं. मजुरी, घरची आठवण, मालकाची उणीदुणी. आठ तासांवर त्यांचं एक गाणं आहे. त्यात मालकाला सांगितलंय की आठ तास थोडे वाटत असतील, तर येऊन स्वतः राबून बघा.

पुढं मुसोलिनीची हुकूमशाही आली. संपाला बंदी होती, तरी 1927 आणि 1931 साली मजुरी कापली म्हणून या बायांनी काम थांबवलं. महायुद्धानंतर पुन्हा मोठे संप झाले. 1949 च्या मे महिन्यात मोलिनेल्ला गावाजवळ शेतमजुरांच्या संपात पोलिसाच्या गोळीनं मारिया मार्गोत्ती ही बाई मेली. विधवा होती, दोन मुलींची आई. याच काळात रोख पैशांबरोबर दिवसाला 1 किलो तांदूळ मजुरीत मिळू लागला. चाळीस दिवसांनी तांदळाची पिशवी घेऊन आई घरी आली की पोरांची दिवाळी. त्याच वर्षी या बायांवर एक सिनेमा आला, रिसो आमारो. रिसो म्हणजे तांदूळ, आणि रिसो म्हणजे हसूही. कडू भात म्हणा, नाहीतर कडू हसू म्हणा.

आणि मग काय झालं? तणनाशक आलं, यंत्रं आली. 1950 नंतर दहा-पंधरा वर्षांत खाचरातली बाई दिसेनाशी झाली. पाठ सुटली, जळवा सुटल्या, हे चांगलंच झालं. पण हंगामाचा तो हक्काचा पैसा गेला आणि एकत्र यायची जागाही गेली. आज आपल्या गावांतही तणनाशकाचा पंप पाठीवर घेतलेला गडी एका सकाळी वीस बायांचं काम संपवतो. याचं सुख मानायचं की दुःख, ते मला एका वाक्यात सांगता येणार नाही. आपल्या बचत गटात यावर बोला.

आठ तासांचंही बोला. आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे मंत्री असताना, 1946 साली, कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. पण तो कारखान्यात. खाचरात, उसाच्या फडात, कांद्याच्या वाफ्यात आजही घड्याळ कुणाच्या हातात असतं? उचल घेऊन कोयत्यावर जाणाऱ्या आपल्या बहिणीला ही 1906 ची गोष्ट कुणी सांगितली आहे का?

आता माझ्या घरचं एक सांगते. माझी आई लोकांच्या खाचरात लावणीला जायची. डोक्यावर इरलं, कमरेला आवणाची मूठ. आमच्या शाळेची फी तिनं त्या पैशातून भरली. त्या हॉटेलात मोंदीनेंचा फोटो बघताना एकाएकी ध्यानात आलं की माझ्या आईचा कामावरचा एकही फोटो नाही. एक आहे तो लग्नातला, आणि एक आजारपणात रेशनकार्डासाठी काढलेला. तिला लावणीची पहिली मजुरी किती मिळाली, पैसे मिळाले की पायलीनं भात मिळाला, हे मी कधी विचारलंच नाही. मी शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. कॅव्हूर शिकवला. आईला विचारायचं राहून गेलं.

परत येताना विमानात मी नातवाला विचारलं, त्या भाताची तुला काय आठवण राहिली? तो म्हणाला, ‘‘आजी, तू अर्धा टाकलास.’’ खरंच टाकला होता. आईनं पाहिलं असतं तर ओरडली असती.

तर पुढच्या गटाच्या बैठकीत एक काम करा. तुमच्यातली जी सगळ्यात वयस्क असेल, तिला मधे बसवा. पहिल्यांदा कामाला कधी गेलीस, कुणाच्या शेतात, किती वेळ, काय मिळालं, कोणती गाणी म्हणायचात, एवढं विचारा. जिला लिहिता येतं तिनं वहीत उतरवून घ्या, नाहीतर मोबाईलवर आवाज भरून घ्या. आणि तिचा एक फोटो काढा. नव्या लुगड्यातला नको, कामावरचा काढा.

तुम्ही टिपलेलं आमच्या केंद्रावर आणून द्या. पुढच्या भागात आपण तेच ऐकू.